शिरळगावापर्यंत टेस्ट ड्राइव्ह

आक्काबाईंनी पहिली उलटी पाटणच्या अलीकडं केली, ती नव्या कोऱ्या मैनेच्या दारावर.

"थांबवू नका," पुढच्या सीटवरून गलांडे मावशी म्हणाल्या. "चालू गाडीत उलटी करता येती का, तेबी कळू दे."

मी गाडी थांबवली नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. गिऱ्हाइकाची नणंद दारावर ओकली तर काय करायचं, हे शिकवायचं राहिलं होतं.

तेव्हा मी कराडला मोटारींच्या एका शोरूममध्ये सेल्समन होतो. मोबाइल फक्त साहेबलोकांच्या कमरेला असायचे, ते दिवस. मैना ही आमची सगळ्यात छोटी गाडी. चौकोनी कुटुंबासाठी काढलीय, असं माहितीपत्रकात छापलं होतं. आमच्या भागात एका घरात चारच माणसं दिसली, तर बाकीची लग्नाला गेली असं समजतात. गाडीच्या रंगाला कंपनीनं 'सायंतेज' असं नाव दिलं होतं. बघणाऱ्याला गाजर आठवायचं. मी लागल्यापासून एकही मैना माझ्या हातून खपली नव्हती. त्या दिवशी सकाळीच आमचे मॅनेजर देशमाने साहेब म्हणाले होते, "फडतरे, महिनाअखेरपर्यंत एक तरी मैना रस्त्यावर दिसली पाहिजे. नाहीतर तू रस्त्यावर दिसशील."

त्यानंतर थोड्याच वेळात हे तिघं दारात उभे राहिले. तिघंही लग्नाला निघाल्यासारखे नटलेले. पुढं गलांडे मावशी, अंगानं भरलेल्या, हिरवं इरकल नेसलेल्या. मागं त्यांचे यजमान तात्या, ओगलेवाडीत शिलाईचं दुकान चालवणारे, खालच्या आवाजात बोलणारे. त्यांच्या मागं तात्यांच्या थोरल्या विधवा बहीण आक्काबाई. त्या शोरूमच्या काचेला धडकल्या आणि काचेलाच शिवी देऊन आत आल्या.

तात्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "हिचा ग्राउंड क्लिअरन्स काय?"

मी सांगितला. तात्यांनी मान हलवली आणि परीक्षेतला पाठ केलेला प्रश्न आल्यासारखा सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमपासून कोयनेच्या पुलापर्यंत आणि परत, असा आमचा नियम होता. मावशींना तो पटला नाही.

"पुलापर्यंत आम्ही चालत जातो. त्याला गाडी कशाला लागती? आम्हाला घाटात बघायचीय. माणसं भरून बघायचीय. आन् शिरळगावला लेक दिलीय, तिथं जावयाला दाखवायचीय. त्याच्या जीपा हायत. त्यानं हो म्हटलं की आजच घेणार."

'आजच' हा शब्द काचेपलीकडं देशमाने साहेबांना ऐकू गेला. ते केबिनमधून उठून आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला किल्ली दिली.

तर अशी आमची गाजरी मैना डोंगराकडं निघाली. मी तोंडपाठ केलेलं सगळं म्हणत होतो. सस्पेन्शन, पिकअप, पाय ठेवायला जागा. आक्काबाई मागून म्हणाल्या की त्यांचे पाय आधीच कामातून गेलेत, जागा देऊन काय उपयोग. मावशींचं लक्ष रस्त्यावर होतं.

"ही गाडी हिकडं कुणी वळखणार न्हाई ना?" त्यांनी मधेच विचारलं.

"ओळखणार नाही? मावशी, अख्ख्या तालुक्यात ही एकच आहे," मी अभिमानानं म्हणालो. "प्रत्येक माणूस वळून बघेल."

मावशींचा चेहरा उतरला. चांगली बातमी ऐकून तोंड पाडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

घाटाच्या पायथ्याला जीपांचा अड्डा होता. तो जवळ आला तसा दोघी बायकांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि तात्या चपलेचा पट्टा लावायला वाकले. अड्डा मागं पडल्यावरच वर आले. त्यांच्या चपलेला पट्टा नव्हता, हे मला नंतर दिसलं. तेव्हा मी चढाला गाडी तिसऱ्या गियरवर कशी ओढते, ते सांगत होतो. आणि खरंच ओढत होती. चार माणसं आणि निम्म्या आक्काबाई बाहेर, तरी मैना कुरकुर न करता वर चढली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

शिरळगाव पठारावरचं, आडबाजूचं गाव. घाट संपला की एक खिंड, खिंडीतून उतरलं की गाव. लेकीच्या घरापुढं मावशींनी मला गाडी वळवून, तोंड खिंडीकडं करून लावायला सांगितली.

"वळायला किती जागा लागती ते बघायचंय," त्या म्हणाल्या.

जावई, बाजीराव साबळे, घरी नव्हता. बाजाराचा दिवस, सकाळीच माणसं भरून जीप घेऊन गेलेला. गावातले बाकीचे पुरुषही बाजारालाच गेले होते. घरात त्याची आई होती. मावशींहून दुप्पट, आणि आवाज त्याच मापाचा.

"न सांगता सवरता?" विहीणबाई दारातूनच म्हणाल्या.

"गाडी घेतोय," मावशी म्हणाल्या. "म्हटलं पहिल्यांदा तुमच्या दारात आणावी. जावईबापूंच्या पसंतीशिवाय कशी घ्यायची?"

विहीणबाईंचा चेहरा बदलला. त्या मैनेभोवती फिरल्या, टायरला लाथ मारून बघितली, बॉनेटवर वाजवून बघितलं.

"बारकी हाय," त्या म्हणाल्या. "डिकीत काय मावणार? डोंबल?"

मावशी या वाक्याची वाट बघत असाव्यात. "बघूया की. शैले, तुझी ती लग्नातली ट्रंक आण बरं. मावती का बघू."

शैलजा, त्यांची लेक, तोपर्यंत चौकटीआड उभी होती. किडकिडीत, माझ्याच वयाची, पायांना मिठी मारून एक लहान पोरगी. ट्रंक तिनं इतक्या चटकन बाहेर आणली की ती दारामागंच भरून ठेवलेली असावी. तात्यांनी आणि मी ती डिकीत घातली. मावली. विहीणबाईंना राग आला. त्यांना डिकी हरवायची होती. त्यांनी आतून तांदळाचं एक पोतं ओढत आणलं आणि स्वतः ढकलून आत बसवलं. तेही मावलं.

"मावतंय खरं," त्या नाइलाजानं म्हणाल्या.

"आता शैलीला आन् पोरीला एक चक्कर मारून आणतो," मावशी म्हणाल्या. "खिंडीपर्यंत."

"चला," विहीणबाई म्हणाल्या. "मीबी येते."

आणि पुढचं दार उघडून त्या बसल्या. गाडी डावीकडं झुकली. मावशी, तात्या आणि आक्काबाई तिघंही एकमेकांकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, जागेची अडचण असेल.

"बसेल सगळं, मावशी," मी म्हणालो. "मैना आहे ही."

मागं चार मोठी माणसं आणि पोरगी बसली, म्हणजे एकमेकांत कालवली गेली. शैलजा दाराला चिकटली होती. दार नीट लागलं नव्हतं म्हणून मी वळून, सीटवरून हात मागं नेला आणि तिच्या डोक्याजवळून कडीकडं वाढवला. ती एकदम खाली वाकली. कोपर डोक्यावर, दुसऱ्या हातानं पोरीचं डोकं झाकलेलं. आणि तशीच राहिली.

माझा हात हवेत.

"भित्री हाय," विहीणबाई हसून म्हणाल्या. "चल रे, सोड गाडी."

मी कडी लावली आणि गाडी सोडली. माझं पाठांतर बंद झालं होतं. आरशात मावशी दिसत होत्या. सकाळपासून एक क्षणही गप्प न बसलेली ती बाई खिडकीबाहेर बघत होती आणि तिची हनुवटी हलत होती. मला फार अक्कल होती असं नाही, पण ट्रंक, तोंड फिरवून लावलेली गाडी, तात्यांची चप्पल, हे सगळं डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं. ही माणसं गाडी घेणार नव्हती. ही लेकीला न्यायला आली होती. आणि जिच्यापासून न्यायचं होतं, ती माझ्या शेजारी बसून माझा गियरचा दांडा गुडघ्यानं दाबत होती.

खिंडीची चढण लागली. तिथून पलीकडं घाट. चक्कर इथं संपणार होती आणि मला गाडी वळवावी लागणार होती.

मी अर्धा क्लच दाबला आणि अॅक्सिलरेटर दिला. मैना नुसतीच ओरडली. मी आणखी दाबला. क्लचचा जळका वास आला. गाडी जागेवर थरथरत उभी राहिली.

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"ओढत नाही," मी म्हणालो.

"ओढत न्हाई?"

"पुढच्या चाकांवर ओढते ही गाडी. पुढं भार जास्त झाला की दमते. तुम्ही जरा उतरता का? चढ संपला की लगेच घेतो."

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला पुढं भार असलेला उलट बरा. पण हे विहीणबाईंना माहीत नव्हतं, आणि देशमाने साहेब तिथं नव्हते.

"मीच का?" त्या म्हणाल्या. "हिची आई उतरू दे. तीबी काय कमी न्हाई."

"त्या मागं आहेत. मागचा भार चालतो."

"मग मी मागं बसते."

"आधी उतरा तर."

त्या उतरल्या. कमरेवर हात ठेवून मैनेकडं तिरस्कारानं बघत म्हणाल्या, "असली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, सांगून ठेवते."

मी दार ओढून घेतलं, क्लच सोडला, आणि मैना अशी सुटली की आक्काबाईंचं डोकं मागच्या काचेवर आदळलं. खिंड पार झाली. आरशात विहीणबाई हात वर करून, आम्ही पुढं थांबणार या भरवशावर संथपणे चालत येताना दिसल्या. मग वळण आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या.



"फडतरे," तात्या मागून म्हणाले, "आम्हाला गाडी घ्यायची न्हाई."

"कळलं."

"दोनदा आलो हुतो न्यायला. पाठवत न्हाईत. इकडं जी जी जीप येती ती त्याच्या माणसाची. भाड्यानं केली की आमच्या आधी निरोप पोचतो. एसटी मुक्कामाला येती, ती सकाळी जाती. तिच्या शेजारच्या पोरीनं येऊन सांगितलं, ह्या खेपेला हात मोडला हुता. आजचा निरोपबी तिच्याच हाती धाडला हुता."

शैलजानं आपला डावा हात पदराखाली घेतला.

मी गाडी क्षणभर थांबवली, मावशी पुढं येऊन बसल्या, आणि आम्ही घाट उतरू लागलो. निम्मा घाट उतरलो असू, तोच खालच्या वळणावर जीप दिसली. टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं.

"त्योच," मावशी म्हणाल्या. एवढंच.

वळायला जागा नव्हती, आणि वळून तरी जायचं कुठं. शैलजा पोरीला घेऊन सीटच्या खाली सरकली. आक्काबाईंनी आपली शाल दोघींवर टाकली. तात्या खाली वाकले. मावशींनी पदर हनुवटीपर्यंत घेतला आणि झोपल्यासारखी मान टाकली. मी गाडी मागं घेऊन कडेच्या कातळाला चिकटवली, चढणाऱ्याला वाट दिली. आता निघून जाईल, असं वाटलं.

जीप माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

बाजीराव साबळे दिसायला चांगला होता. हे मला आवडलं नाही, पण होता. दाट मिशा, डोळे हसरे. तो खिडकीतून वाकून मैनेकडं बघत होता.

"नवी वाटतं," तो म्हणाला. "काय नाव म्हणायचं हिचं?"

"मैना."

"मैना." त्यानं ते नाव हळू, चव घेतल्यासारखं पुन्हा म्हटलं. "चढाला दमती का?"

"नाही दमत."

"मागं एवढा भार घातलासा. सोसतंय का तिला?"

"सोसतं."

हात लांब करून त्यानं माझ्या बाजूच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली. "नवी हाय तवर जास्त ताणू नका," तो म्हणाला. "सवय हुईस्तवर जपायचं. एकदा आतनं झिजली की मग कितीबी खर्च करा, पहिल्यासारखी हुत न्हाई."

शालीखालून अगदी स्पष्ट आवाज आला, "बाबा."

त्याच क्षणाला आक्काबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जीपच्या दारावर अशी भयंकर ओकारी दिली की टपावरची माणसं पलीकडच्या बाजूला सरकली. बाजीरावानं नाक दाबलं, जीप गियरमध्ये टाकली.

"म्हातारीला लिंबू द्या," तो म्हणाला. "कार्ड हाय का तुमचं? येतो एकदा बघायला."

समोरच्या माणसाला कार्ड दिल्याशिवाय सोडायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये हाणून हाणून शिकवलं होतं. माझा हात आपोआप खिशात गेला. मी त्याला कार्ड दिलं. त्यावर माझं नाव, शोरूमचा पत्ता आणि फोन नंबर होता.

जीप वळणाआड गेल्यावर मावशींनी पदर वर केला आणि माझ्याकडं बघितलं. मला शिव्या द्याव्यात की माझी कीव करावी, हे त्यांचं ठरत नसावं.

"आत्ताची नुसती आवाजाची हुती," आक्काबाई तोंड पुसत म्हणाल्या. "सकाळची खरी."

वर खिंडीत बाजीरावाला त्याची आई रस्त्यानं येताना भेटली असणार. पण बाजारची माणसं घरी पोचल्याशिवाय जीप परत फिरू देणारी नव्हती. आम्ही ओगलेवाडीत पोचलो, तरी मागं कुणी दिसलं नाही. मावशींच्या दारात गल्लीतल्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या, भाजी निवडत, जसं काही रोज तिथंच निवडतात. ट्रंक उतरवली. पोतंही उतरलं, कुणाच्या लक्षात न येता. मी दार धुऊन, वासाला काही उपाय नाही हे मान्य करून गाडी शोरूमला लावली.

दुसऱ्या दिवशी बाजीराव आणि विहीणबाई माझं कार्ड घेऊन शोरूममध्ये आले. आधी ते ओगलेवाडीला जाऊन आले होते. तिथं बायकांनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता. ती सगळी भडास देशमाने साहेबांच्या केबिनमध्ये निघाली. साहेब शांतपणे ऐकत होते. सून पळवली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तांदळाचं पोतं नेलं म्हटल्यावर पुन्हा हलवली. मग विहीणबाई म्हणाल्या, "आन् ह्यानं मला भर चढावर उतरवलं. म्हणाला, गाडी ओढत न्हाई."

साहेब खुर्चीतून उठले.

"असं म्हणालास तू? मैना ओढत नाही? गिऱ्हाइकाला?"

मी हो म्हणालो. संध्याकाळच्या आत मी रस्त्यावर होतो. वर, पोतं परत आणून द्यायची जबाबदारीही माझ्यावर टाकली होती.

म्हणून मी ओगलेवाडीला गेलो. मावशी घरात नव्हत्या, वकिलाकडं गेल्या होत्या. पुढं ते कोर्टाचं काम लांबत गेलं, पण शैलजा परत शिरळगावला गेली नाही. तात्यांच्या दुकानात मशीनवर बसली आणि पोरीला शिकवलं. मी एका ट्रॅक्टरच्या दुकानात लागलो. तिथं गिऱ्हाईक ओकत नाही. पण त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. ओसरीवर शैलजा एकटी बसली होती, पोरगी मांडीवर झोपलेली. पोत्यातले थोडे तांदूळ शिजून गेले होते. उरलेले मी न्यावेत की कसं, अशा विचारात मी उभा राहिलो.

"तुमची नोकरी गेली म्हणं," ती म्हणाली.

"गेली."

ती काही वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"काल खिंडीतनं निघालो, तेव्हा माझं मन होत नव्हतं," ती म्हणाली. "आईला बोलले नाही. पण घाटात सारखं वाटत होतं, उतरावं आणि चालत माघारी जावं. आज ना उद्या तो सुधारंल. स्वभावच कडक आहे, प्रेमानं बोलायला त्याला येतच नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. स्वतःलाबी."

मी ओसरीच्या कडेला टेकलो.

"मग खाली दडून बसले होते, तेव्हा तो तुमच्याशी बोलला. मी पहिल्यांदा आवाज ओळखलाच नाही. पोरीनं ओळखला." ती थांबली. "दमती का, म्हणून विचारलं त्यानं. सोसतंय का तिला, म्हणाला."

तिनं पोरीचं डोकं मांडीवर नीट ठेवलं.

"येतंय की त्याला," ती म्हणाली.